मागच्या रांगेतलीचं नाव काय?



या वेळचं संपादकीय एका जुन्या हिंदी सिनेमातल्या नाइट क्लबवर आहे असं कळल्यावर आमच्यातल्याच दोघीतिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाणी, रेशन, कंत्राटी कामगार बायकांची हजेरी, घरातली मारहाण, एवढे विषय समोर असताना नाइट क्लब? प्रश्न रास्त आहे. पण मला जे म्हणायचं आहे ते करमणुकीबद्दल नाही, कामाबद्दल आहे. केलेल्या कामावर कुणाचं नाव लागतं, कुणाचं राहून जातं, आणि नाव राहिलं की त्याच्यामागून आणखी काय काय राहून जातं, याबद्दल आहे.

सिनेमाचं नावच 'गुमनाम'. साल १९६५. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन यांचं, नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी. सिनेमाच्या सुरुवातीलाच एका क्लबातला नाच आहे. 'जान पहचान हो' हे मोहम्मद रफींनी गायलेलं गाणं. मंचावर एक वाद्यवृंद, त्याच्यापुढे एक गायक, आणि झगमगीत पोशाखातली एक मुलगी अंगात वारं शिरल्यासारखी नाचते आहे. तिच्या डोळ्यांवर मुखवट्याची पट्टी. तिच्याबरोबर नाचणारा मुलामुलींचा ताफा आहे, त्यांच्याही डोळ्यांवर तशाच पट्ट्या. नाव 'गुमनाम', गाण्यात ओळख करून घेण्याची गोष्ट, आणि नाचणाऱ्यांचे चेहरे अर्धे झाकलेले! मुद्दाम जुळवून आणावं म्हटलं तरी एवढं जुळायचं नाही.

हे गाणं सिनेमापेक्षा जास्त जगलं. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकन सिनेमाची सुरुवात याच गाण्याने झाली. २०११ साली एका परदेशी बिअरच्या जाहिरातीत ते वाजलं. ज्यांना आपली भाषा कळत नाही अशी माणसं ते पुन्हा पुन्हा पाहू लागली आणि त्यांना एक साधा प्रश्न पडला: हे लोक कोण आहेत?

उत्तर हळूहळू मिळत गेलं. सगळ्यात सोपं गेलं ते वाद्यवृंद ओळखणं, कारण मोठ्या ड्रमच्या तोंडावरच नाव रंगवलेलं होतं: 'टेड लायन्स अँड हिज कब्ज'. टेड लायन्स आणि त्याचे बछडे. हे सिनेमासाठी गोळा केलेले नट नव्हते, खरेखुरे वादक होते. रफींच्या आवाजावर ओठ हलवणारा गायक म्हणजे हर्मन बेंजामिन, मूळचा नृत्यदिग्दर्शक. पुढे नाचणारी मुलगी लक्ष्मी छाया. १९४८चा जन्म, म्हणजे तेव्हा सतरा वर्षांची. पुढे १९७१च्या 'मेरा गाँव मेरा देश'मुळे तिचं नाव घरोघरी झालं. २००४ साली ती गेली.

आता ताफ्यातल्या बाकीच्या मुली पाहा. त्याच तालावर, तेवढ्याच वेगाने त्या नाचताहेत. पाय तेवढेच दुखले असणार, घाम तेवढाच आला असणार. पण त्यांच्यासाठी कुठल्याही ड्रमवर नाव रंगवलेलं नाही.

जुन्या चित्रपटातल्या माणसांची ओळख पटवायची एक रीत आहे, ती आपल्या कामाची आहे म्हणून सांगते. चालतं चित्र थांबवायचं आणि चेहरा नीट पाहायचा. वाद्यावर, मंचाच्या पडद्यावर काही लिहिलंय का ते बघायचं. तोच चेहरा त्या चारपाच वर्षांतल्या इतर सिनेमांत सापडतो का ते शोधायचं. हॉटेलांच्या जुन्या जाहिराती आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरची चिकटवलेली चकती वाचायची. एवढं करून जे हाती लागेल ते घेऊन त्या काळात काम केलेल्या हयात माणसाकडे जायचं, चित्र पुढे ठेवायचं आणि विचारायचं, 'ही कोण?' पहिल्या चारही पायऱ्यांवर पुरुष सापडत जातात. कारण ड्रमवर, जाहिरातीत, तबकडीवर त्यांचं नाव कुणीतरी कधीतरी लिहिलेलं असतं. बाई सापडते ती बहुतेकदा शेवटच्या पायरीवर, आणि तेही बरोबरीने काम केलेली दुसरी बाई हयात असेल तर.

असं घडलंही आहे. पन्नास आणि साठच्या दशकांत हिंदी सिनेमांच्या समूहनृत्यांत नाचलेल्या एडविना नावाच्या बाईंना जुन्या सिनेमाच्या चाहत्यांनी शोधून काढलं. उतारवयातल्या या बाईंनी जुनी चित्रं पाहून आपल्याबरोबर नाचणाऱ्यांची नावं सांगितली. जी माहिती कुठल्याही स्टुडिओच्या कपाटात नव्हती, ती एका बाईच्या डोक्यात शाबूत होती. आपल्याकडे हे नवं नाही. गावातली कुठली सून कुठल्या पाड्याहून आली, कोण कुणाबरोबर लावणीला जायची, हे म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक असतं. त्या गेल्या की तो दप्तरखानाच जळून जातो.

आता हे क्लब होते तरी कुठे? आपल्या बोईसरहून चर्चगेटला जाणारी गाडी पकडा आणि शेवटच्या स्टेशनला उतरा. बाहेर पडल्यावर जो रस्ता समुद्राकडे जातो तो वीर नरिमन रोड. त्याला तेव्हा चर्चगेट स्ट्रीट म्हणत. गेलॉर्ड, अ‍ॅम्बॅसॅडर, अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, अशा ठिकाणी संध्याकाळी जॅझ वाजायचं. वाजवणारे बरेचसे गोव्याचे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. ते शिक्षण घेऊन ही मुलं मुंबईत आली. रात्री हॉटेलात वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जायची. संगीतकाराने चाल सांगायची, ती कागदावर उतरवून कुठे व्हायोलिन, कुठे ट्रम्पेट हे ठरवायचं काम हे लोक करायचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सबॅस्टियन डिसोझा होते, सी. रामचंद्रांच्या मागे चिक चॉकलेट.

चिक चॉकलेटची गोष्ट मराठी वाचकांना जवळची वाटावी अशी आहे. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचा माणूस, १९१६चा जन्म. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ साली भगवानदादांनी 'अलबेला' काढला, संगीत सी. रामचंद्रांचं. त्या सिनेमातल्या एका गाण्यात झालरींचे झगे घातलेला एक वाद्यवृंद दिसतो. तो चिक चॉकलेट आणि त्याच्या साथीदारांचा. 'अलबेला' आपल्या आईबापांच्या पिढीने किती वेळा पाहिला असेल! गीता बाली आणि भगवान सगळ्यांना माहीत. मागे ट्रम्पेट घेतलेल्या माणसाचं नाव किती जणांना माहीत होतं? १९६७ साली तो गेला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ साली सिनेमा-वादकांवर पुस्तक लिहिलं आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जॅझवर, तेव्हा कुठे अशी नावं अभ्यासाच्या कागदावर नीट आली. आपल्या मराठी चित्रपट समीक्षकांपैकी अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. 'अमर अकबर अँथनी'तलं ते गाजलेलं नाव एका खऱ्या संगीतसंयोजकाचं आहे, आणि प्यारेलाल यांनी आपल्या गुरूची आठवण म्हणून ते गाण्यात ठेवलं, हे त्यामुळे पुष्कळांना पहिल्यांदा समजलं.

म्हणजे अन्याय पुरुष वादकांवरही झाला, हे आधी मान्य करू. गरीब, गोव्याचा, ख्रिस्ती, मागे बसून वाजवणारा, असा माणूस पुसला जायला वेळ लागत नाही. पण त्यातही एक उतरंड आहे आणि आपण ती पाहायला शिकलो आहोत. वाद्यवृंदाला नाव असतं ते म्होरक्याचं, 'अमुक आणि त्याचे तमुक'. त्यात गाणारी बाई असली तर ती म्होरक्याची गायिका. लोर्ना कोर्देरो यांचं आयुष्य पाहा. साठच्या दशकात ख्रिस पेरींच्या वाद्यवृंदाबरोबर गाणारी ही मुंबईची कोकणी गायिका. आवाज असा की त्या गाण्यांवर आजही गोव्यातली लग्नं नाचतात. दोघांची फारकत झाली आणि लोर्ना वीसेक वर्षं गायल्याच नाहीत. १९९५ साली त्या पुन्हा मंचावर आल्या तेव्हा हजारोंनी गर्दी केली. ख्रिस पेरी मोठे संगीतकार होते यात वाद नाही. प्रश्न असा की फारकतीनंतर वाद्यवृंद त्याचा राहतो आणि गप्प बाई बसते, हे नेहमी असंच का होतं?

वादक बायका तर मोजक्याच. ल्यूसिला पाशेको यांचा पियानो त्या काळच्या कितीतरी गाण्यांत आहे. झरीन दारूवाला यांनी सिनेमाच्या गाण्यांत सरोद वाजवला, आणि पुढे १९८८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पन्नास पुरुषांमध्ये एक बाई बसलेली असे. पण सिनेमात क्लबचं दृश्य आलं की पियानोपुढे पुरुष बसतो आणि बाई त्याच्याभोवती नाचते. खऱ्या खोलीतली वादक बाई पडद्यावरच्या खोलीत नसते. त्यामुळे पडद्यावरून तिला ओळखून काढायची सोयही नाही.

नाव लागावं म्हणून बाईला भांडावं लागतं, हे सगळ्यात मोठ्या गायिकेच्या बाबतीतही खरं आहे. १९४९च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' हे गाणं घ्या. त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. पडद्यावरच्या बाईनेच गायलंय असं लोकांना वाटावं म्हणून खरी गाणारी लपवायची, हा तेव्हाचा धंद्याचा रिवाज होता. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात 'चोरी चोरी'तल्या गाण्याबद्दल संगीतकारांना पुरस्कार मिळाला, तेव्हा लताबाईंनी तिथे गायला नकार दिला. गायक-गायिकेला पुरस्कारच नाही, तर मी कशाला गाऊ? १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. नाव मागणं म्हणजे मिरवणं नव्हे, हे लताबाईंनी धंद्याला समजावलं. नावामागोमागच मानधनाचा वाटा येतो, म्हणून तर नाव द्यायला एवढी कुरकुर असते.

मागच्या रांगेतून पुढे आलेल्या बायकाही आहेत. 'गुमनाम'मध्येच हेलन आहेत. ब्रह्मदेशातून युद्धाच्या धामधुमीत निर्वासित होऊन आलेली ही मुलगी १९५१च्या 'शबिस्तान' आणि 'आवारा'त समूहात नाचली. ते काम मिळवून दिलं कुकू या त्या काळच्या नावाजलेल्या नर्तकीने. बाईचा हात धरून बाईच आत आली. सरोज खान यांचंही तसंच. १९५८च्या 'हावडा ब्रिज'मध्ये मधुबालाच्या क्लबगीतात मागे नाचणाऱ्यांत एक लहान मुलगी आहे, ती सरोज. तीस वर्षांनी 'तेजाब'चं 'एक दो तीन' त्यांनी बसवलं आणि फिल्मफेअरला १९८९ साली नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार नव्याने सुरू करावा लागला. पहिला मान सरोज खान यांचाच. आज आपण 'हावडा ब्रिज' थांबवून 'ही बघा सरोज' असं बोट दाखवू शकतो, याचं कारण त्या पुढे मोठ्या झाल्या. पण मोठं झाल्याशिवाय नाव मिळणार नसेल, तर शेजारी नाचणाऱ्या मुलीने काय करावं? तिचं काम सरोजइतकंच खरं होतं.

इथे कायद्याकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. मूळ १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्कच नव्हता. एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नटाचा अभिनय म्हणजे कायद्याच्या अर्थाने 'कृती' नव्हे, असं १९७८ साली ठरवलं. तो नट होता देव आनंद. देव आनंदला हक्क नाही, तिथे मागच्या रांगेतल्या मुलीची काय कथा! १९९४च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क पहिल्यांदा कायद्यात आले. २०१२च्या दुरुस्तीने आणखी पुढचं पाऊल टाकलं. व्यापारी वापर झाला तर कलावंताला वाटा, आणि 'हे काम माझं आहे' असं ओळखलं जाण्याचा हक्क. आपण टाळ्या वाजवाव्यात असा कायदा. पण त्याच दुरुस्तीने 'कलावंत' या शब्दाच्या व्याख्येला एक पुरवणी जोडली. तिचा अर्थ असा: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक वा किरकोळ स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेही दिलं जात नाही, त्याला कलावंत समजलं जाणार नाही. अपवाद एकच. कामाची कुणी मोडतोड केली तर तेवढी हरकत घेता येईल.

हे पुन्हा एकदा वाचा. नाव देण्याचा रिवाज नाही, म्हणून तू कलावंत नाहीस. कलावंत नाहीस, म्हणून नाव मागण्याचा हक्क तुला नाही. रिवाज कुणी पाडला? ज्यांनी नाव दिलं नाही त्यांनी. म्हणजे ज्याने चूक केली त्याची चूकच कायद्याने पुरावा म्हणून स्वीकारली. हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात बायका होत्या असं मी म्हणत नाही. बायका मनात नसतात, म्हणूनच तर अशी वाक्यं लिहिली जातात.

हा घोळ आपल्या ओळखीचा आहे. शेतावर बाई राबते, पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही. शेतकरी नाही, म्हणून कर्ज नाही आणि नुकसानभरपाई नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत बाई कामाला जाते. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसेल, तर अपघात झाल्यावर ती कामावर होती हेच आधी सिद्ध करावं लागतं. ज्याने नोंद ठेवायची त्याने ठेवली नाही, आणि दंड भरायचा तो जिची नोंद नाही तिने. नाइट क्लबची मागची रांग आणि पाम-टेंभीच्या नाक्यावर सकाळी गाडीची वाट बघणारी रांग, यांच्यात पोशाखाचा फरक आहे. कागदाच्या दृष्टीने दोन्ही रांगा सारख्याच आहेत.

आपल्या जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं. वारली चित्रकला आज जगभर पोचली आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. पण भिंतीवर लग्नाचा चौक काढायचं काम परंपरेने सवासिनींचं. लग्न लावणारी, गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. चित्र भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं होतं आणि त्याखाली सही नव्हती. चित्र कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, सही आली, आणि सही बहुतेक पुरुषाची होती. म्हसे यांच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येत नाही. पण नाव कामाबरोबर येत नाही, पैशाबरोबर येतं, आणि पैसा आला की बाई मागच्या रांगेत जाते, हे यातून स्वच्छ दिसतं.

आता एक अडचणीची बाजू, ती टाळून चालणार नाही. सगळ्याच बायकांना नाव हवं असतं का? क्लबात नाचणं, सिनेमात नाचणं हे घरंदाज बायकांचं काम नव्हे, असं समाज म्हणत होता. कितीतरी जणींनी नाव बदललं, कितीतरी जणींनी लग्नानंतर तो काळ पुसून टाकला. पोटापाण्यासाठी नाचलेली बाई आज आजी असेल. तिच्या नातवंडांना आपण जाऊन सांगायचं का, की ही बघा तुमची आजी, झगमगीत झग्यात?

आपल्या चळवळीला हा पेच नवा नाही. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्स बारमधल्या नाचावर बंदी घातली, तेव्हा एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन यांनी मिळून ५० बारमधल्या ५०० नर्तकींशी बोलून अहवाल केला. 'या मुली कोण आहेत' याबद्दल जे वाटेल ते बोललं जात होतं. त्याला उत्तर दिलं ते या बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या माहितीने: घरात किती खाणारी तोंडं, आधी कुठलं काम केलं होतं, पैसे कुठे जातात. अहवालातून त्यांचं काम पुढे आलं, पण त्यासाठी कुणा बाईला उघडं पाडावं लागलं नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्दबातल ठरवली. सरकारने नवे कायदे केले, आणि २०१९ साली त्यातल्याही अनेक जाचक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. काम मोजलं गेलं पाहिजे, पण नाव सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं, ही शिस्त आपण त्या लढ्यात शिकलो.

म्हणून जुन्या चित्रांतल्या बायका ओळखण्याचं काम शौकिनांवर सोडून देऊ नये असं मला वाटतं. शौकीन माणूस प्रेमाने शोधतो, त्याचे उपकारच आहेत. पण त्याला नाव मिळालं की त्याचं काम संपतं. आपलं तिथून सुरू होतं. किती पैसे मिळायचे? रोज की गाण्यागणिक? कोण द्यायचं, हातात द्यायचं की मधल्या माणसामार्फत? शूटिंग रात्री संपलं तर घरी कसं जायचं? पाय मुरगळला तर औषधपाणी कुणाचं? पाळीच्या दिवसांत काय? मूल झाल्यावर काम मिळायचं का? ही माहिती कुठल्याही ड्रमवर लिहिलेली नसते. ती विचारावी लागते, आणि बाईने बाईला विचारली तर मिळते. 'तुमचं नाव छापू का?' हा प्रश्न आधी विचारायचा. ती 'नको' म्हणाली तर तिचं काम छापायचं, नाव झाकून ठेवायचं. 'गुमनाम'मधली डोळ्यांवरची पट्टी दिग्दर्शकाने बांधली होती. इथे ती बांधायची की सोडायची, हे तिच्या हातात राहिलं पाहिजे.

घाई मात्र करायला हवी. १९६५ साली जी अठरा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहे. फार तर पाच-दहा वर्षं. मग 'ही कोण?' असं विचारायला कुणी उरणार नाही.

आणि जुन्या चित्रांबरोबर आजच्या चित्रांचाही विचार करू या. संस्थांचे अहवाल, वर्तमानपत्रं, सरकारी पत्रकं चाळा. मोर्चाचा, शिबिराचा, बचत गटाच्या मेळाव्याचा फोटो असतो. खाली पाहुण्यांची नावं पदांसकट, आणि मग 'उपस्थित महिला'. साठ वर्षांनी कुणी ते चित्र थांबवून बोट ठेवेल आणि विचारेल, ही कोण? उत्तर आत्ताच लिहून ठेवता येतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहिणं बंधनकारक झालं. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज एका निर्णयाने बदलता येतो, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. मग फोटोखालच्या ओळीसाठी आणि हजेरीपटासाठी आपण कुणाची वाट बघायची?

तेव्हा सगळ्या गटांना विनंती आहे. पुढच्या तिमाहीत एवढ्या गोष्टी करून पाहा. गटाकडे असलेले जुने फोटो बाहेर काढा आणि म्हाताऱ्या सभासदांना बसवून, विचारून, मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहा. नवीन फोटो काढला की डावीकडून उजवीकडे नावं तिथल्या तिथे वहीत उतरवा, मागच्या रांगेपासून सुरुवात करा. तुमच्या भागात वाद्यवृंदात गायलेली, तमाशात, मेळ्यात, सिनेमाच्या समूहात नाचलेली, लग्नात धवलेरी म्हणून गाणी म्हटलेली बाई असेल, तर तिच्याकडे जा. आधी विचारा, मग लिहा. कायद्याचं काम करणाऱ्या मैत्रिणींनी 'कलावंत' या शब्दाची व्याख्या नव्याने वाचावी आणि ती बदलून घ्यायची तर कुठून सुरुवात करायची ते आम्हाला लिहून कळवावं. आम्ही ते छापू.

कारखान्याच्या दारात नाव नसलेली बाई आणि क्लबाच्या मंचावर नाव नसलेली बाई, दोघींचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो: इथे काम मी केलं, हे कुठे लिहिलंय? जिथे लिहिलेलं नाही तिथे लिहायला सुरुवात करू या. तुमच्या पत्रांची वाट बघते आहे. आणि हो, पत्राखाली नाव लिहायला विसरू नका.